थरथरणारा काटा

कुर्ल्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेनं चकाचक केली, तरी स्पीडोमीटरचा काटा थरथरतोच, ही तक्रार नेहमीची. गिअरबॉक्सकडून आलेली केबल मीटरमधलं चुंबक फिरवते. त्याच्या ओढीनं भोवतालची अ‍ॅल्युमिनियमची वाटी वळू पाहते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरते आणि काटा वेग दाखवतो. थरथर बहुधा केबलमधल्या सुकलेल्या ग्रीसमुळे. केबल काढून रॉकेलनं धुवा, नवं ग्रीस बेतानं लावा. मीटरकडचं टोक मात्र कोरडंच ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरच जखडतो. तबकडी मऊ ब्रशनं झटका. स्पिरिटचा बोळा फिरवलात तर आकडेच पुसले जातील. आणि हो, पद्मिनीच्याही आधीच्या काही गाड्यांच्या तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियमचा रंग असे. तसली तबकडी घरी उघडूच नका.