पहिली घोडी घेताना

 

गटात शेळीसाठी कर्ज मागितलं, म्हशीसाठी मागितलं, शिलाई मशीनसाठी मागितलं, तर आपल्याला काय विचारायचं ते पाठ असतं. आमच्या गटातल्या एका ताईंनी मात्र बैठकीत सांगितलं, "मला घोडी घ्यायचीय." ताईंचं वय बेचाळीस. जन्मात कधी घोड्याची मोरकी हातात धरलेली नाही. पण त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्या आसपासच्या दहा गावांत लग्नं होतात, नवरदेव घोडीवर बसतो आणि ती घोडी दर वेळी तालुक्याहून येते. भाडं तिकडं जातं. ते गावात का राहू नये?

गटाचं आजवरचं सगळ्यात मोठं कर्ज होणार होतं. दहा जणींच्या घामाचे पैसे. म्हणून आम्ही लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी माहिती काढली. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, नालबंदाला विचारलं, घोडी पाळणाऱ्या घरांत जाऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट हिशेबाची. लग्नाच्या तिथी वर्षातले काही महिनेच असतात. आषाढात देव झोपले की तुळशीच्या लग्नापर्यंत वरात नाही. घोडी मात्र बारा महिने खाते. आपल्याकडची मध्यम अंगाची घोडी साधारण 300 किलोची धरा. तिला दिवसाला 6 किलोच्या आसपास सुका चारा लागतो. कामाच्या दिवसांत वर चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा, जव, भुसा असं धान्य. पाणी रोज 20 ते 30 लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जिथं फेब्रुवारीनंतर टँकर लागतो, तिथं हे पाणी कुठून येणार हे आधी ठरलं पाहिजे.

आम्ही फळ्यावर आकडे मांडले. समजा चारा किलोला 8 रुपये, तर दिवसाचे 48. चंदी 2 किलो, किलोला 30 रुपये, म्हणजे 60. दिवसाचे झाले 108, महिन्याचे 3,240, वर्षाचे सुमारे 39,000. एका वरातीतून धरायला माणूस आणि टेम्पो जाऊन 1,500 रुपये हाती राहिले, तर नुसत्या खाण्यासाठीच 26 वराती लागतात. सव्विसाव्या वरातीपर्यंत हप्त्याला रुपया नाही. तुमच्या गावात चाऱ्याचा भाव वेगळा असेल, तो घालून हीच बेरीज करा. घरचा कडबा असेल तर तोही फुकट धरू नका. तो विकला असता तर पैसे आलेच असते.

याशिवाय दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळायचे, नाल बसवायचे. धनुर्वाताची लस, जंताचं औषध. खोगीर, लगाम, रिकीब, वरातीचा साज. हे सगळं ताईंनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं. घोडीची किंमत एकदाच मोजायची असते, तिचं पोट रोज भरायचं असतं.

दुसरी गोष्ट हाताच्या सवयीची. ताईंना आम्ही एक अट घातली, की आधी महिनाभर दुसऱ्याच्या ठाणावर काम करायचं. शेजारच्या गावात एक घर घोडी पाळतं. तिथं त्या रोज पहाटे जाऊ लागल्या. लीद काढायची, खरारा करायचा, पाणी पाजायचं, मोरकी धरून चालवायचं. घोड्याला कोणी मागून अचानक आलेलं आवडत नाही, म्हणून आधी आवाज द्यायचा आणि डाव्या खांद्याच्या बाजूनं जवळ जायचं, हे त्या तिथं शिकल्या. पाय उचलायला लावायचा कसा, कान मागे पाडले की तिला काय म्हणायचंय, हेही कळलं. गावातले काही जण हसले. "या वयात घोड्यामागं!" म्हणाले. अहो, दख्खनात मेंढ्यांमागं फिरणाऱ्या धनगरांच्या बायका पिढ्यानपिढ्या घोड्यावर सारा संसार लादतात आणि उतरवतात. भांडी, कोकरं, कोंबड्या, वर लेकरू. भीमथडीच्या त्या बुटक्या, काटक घोड्यांना आता देशी जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली आहे. घोडा बाईच्या हाताला नवा नाही.

महिना झाल्यावर ताई बैठकीत म्हणाल्या, "भीती गेली नाही, पण आता भीती कुठं बाळगायची ते कळलं." आम्हांला तेवढं पुरे होतं.

तिसरी गोष्ट बाजाराची. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा आहे. तिथं एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीपासून भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत लागतो. अकलूजचाही घोडेबाजार नावाजलेला आहे. आम्ही तिघी जणी ताईंबरोबर सारंगखेड्याला गेलो, आणि जाणकार म्हणून ठाणावरच्या काकांना नेलं. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च आम्ही दिला. दलाल नव्हे, आपला माणूस न्यायचा.

घोडी बघायची कशी, ते ऐका. तोंड उघडून दात बघा. पुढचे दात वर सहा, खाली सहा असतात. दुधाचे दात लहान आणि पांढरे. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, त्याच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाच वर्षांची घोडी म्हणजे तोंड भरलेली. पुढं खालच्या दातांवरचे काळे खळगे झिजत जातात, मधले सहाव्या वर्षाच्या सुमारास, बाजूचे सातव्या, कडेचे आठव्या. त्यानंतरचं वय म्हणजे अंदाज. नवख्या माणसानं अडीच-तीन वर्षांचं कोवळं जनावर घेऊ नये. शिकलेली, सहा ते बारा वर्षांची घोडी बरी. ती माणसाला सांभाळून घेते.

डोळ्यापुढं हात हलवून बघा, पापणी मिटते का. पण हाताचा वारा लागू देऊ नका, नाहीतर आंधळी घोडीही पापणी मिटेल. नाकातून घट्ट पू येतोय का, जबड्याखाली गाठ आहे का, पायावर फोडांची माळ आहे का, बघा. ग्लँडर्स नावाचा रोग असतो. तो घोड्यापासून माणसालाही होतो, त्याला लस नाही, आणि रोग ठरला तर कायद्यानं जनावर संपवावं लागतं. हरियाणात हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथं या रोगाची रक्ततपासणी होते. तपासणीचा कागद आहे का, हे विचारायला लाजू नका. कागद नसेल तर डॉक्टरांकरवी रक्त तपासून मगच पूर्ण पैसे द्या.

सगळ्यात महत्त्वाचे पाय. कडक जमिनीवर घोडी आधी चालवायला लावा, मग दुडक्या चालीनं पळवायला लावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडी डोकं वर उचलते आणि चांगला पाय टेकताना खाली करते. पांढरी शुभ्र नुकरा घोडी आम्हां सगळ्यांना आवडली होती. संध्याकाळी तिची चाल लोण्यासारखी होती. पण आम्ही मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच, न सांगता, परत तिच्या ठाणावर गेलो. उजवा पाय टेकला की डोकं वर. व्यापारी म्हणाला, थंडीनं आखडलीय. असेलही. पण दुखणं झाकायला औषध टोचतात, हे काकांनी आम्हांला आधीच सांगितलं होतं. ताईंनी नमस्कार केला आणि पुढं निघाल्या. पांढऱ्या रंगाला वरातीत भाव जास्त, हे खरं. पण लंगडी घोडी कुठल्याही रंगाची असली तरी ठाणावरच उभी राहते.

भोवऱ्यांचंही सांगतो. गळ्यावर देवमण आहे म्हणून भाव वाढवतात, दुसरीकडे भोवरा आहे म्हणून पाडतात. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याणी म्हणून आणखी पैसे. केसांच्या वळणानं घोडी आजारी पडत नाही की बरी होत नाही. पण उद्या विकायची वेळ आली तर लोक भोवरा बघणारच, एवढं ध्यानात ठेवून किंमत करा.

आणि भाव. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करायची जुनी रीत आहे. परक्या पुरुषाच्या रुमालाखाली हात कोण बाई घालणार? म्हणून मग भाव दुसराच कोणी करतो आणि आपण लांब उभ्या राहतो. ताईंनी स्पष्ट सांगितलं, "भाऊ, माझा भाव उघड्यावर. चार जणींसमोर बोला." एकजण उठून गेला. दुसरा बोलला.

त्याच्याकडून सात वर्षांची तांबडी घोडी 50,000 ला ठरली. बँड वाजत होता, फटाके उडत होते, तिच्या कानाला फक्त हालचाल. हे आम्ही मुद्दाम बघितलं, कारण वरातीत घोडी बुजली तर नवरदेवाचाच नाही, लेकराबाळांचाही जीव जातो. थोडा विसार दिला. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचा कागद चांगला आला, मग बाकीचे पैसे दिले. पावती ताईंच्या नावानं केली. पावतीत रंग, वय, अंगावरच्या खुणा, तारीख, विकणाऱ्याचं नाव, गाव आणि सही, सगळं लिहून घेतलं. "नावाचं काय एवढं, घरात कुणाच्याही नावानं करा," असं कुणी म्हणालं. कर्ज बाईच्या नावावर आणि घोडी दुसऱ्याच्या, असं आमच्या गटात चालत नाही.

कर्ज आम्ही 70,000 मंजूर केलं होतं. 50,000 घोडीला दिले. 20,000 ताईंच्या खात्यात चारा, नाल, साज आणि दवाखान्यासाठी ठेवले. हप्ताही लग्नसराईत मोठा आणि पावसाळ्यात लहान असा बांधून दिला. अजून हप्ते चालू आहेत. चुकलेला एकही नाही.

आता घरी आणल्यावरचं. पहिल्या आठवड्यात जुना चारा हळूहळू कमी करत नवा वाढवायचा. घोड्याचं पोट लहान असतं, म्हणून दिवसातून तीनचार वेळा थोडं थोडं द्यायचं. बुरशी लागलेला कडबा, मका बिलकूल नको. गाईम्हशींची गोळीपेंडही नको, तिच्यातले काही घटक घोड्याला विष ठरतात. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं वर येत नाही. म्हणून ती वारंवार पोटाकडे वळून बघू लागली, जमिनीवर लोळू लागली, खाणं आणि लीद बंद झाली, तर घरगुती काढा पाजत बसू नका. पोटशूळ तासांत जीव घेतो. डॉक्टरांना बोलवा, नाहीतर 1962 या क्रमांकावर फोन करून फिरता दवाखाना मागवा. पावसाळ्यात गोमाश्या वाढल्या, ताप येतो-जातो, पाय आणि पोट सुजतं, घोडी खंगते असं दिसलं, तर तो सर्रा असू शकतो. त्यालाही डॉक्टरच हवेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात उद्या कुणी घोडी मागितली तर हसू नका आणि घाईनं सहीही करू नका. फळा पुसा आणि तीन प्रश्न लिहा. बारा महिने ती काय खाणार? तिच्यासाठी हात कुणाचे तयार आहेत? पावती कुणाच्या नावानं होणार? तिन्ही उत्तरं त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं दिली, तर खुशाल कर्ज द्या.