अर्थशास्त्राचे कॉलेज कसे निवडावे?
(पालक व विद्यार्थी यांच्या सभेत केलेले भाषण)



या सभेत शेतकरी, सुतार, लोहार, कोष्टी असे कष्टाची भाकरी खाणारे आईबाप बसले आहेत. कोणाची मुलगी, कोणाचा मुलगा म्हणतो, मला अर्थशास्त्र शिकायचे. मग घरात प्रश्न उठतो, हे शास्त्र आपल्या काय कामाचे? आम्ही विचारतो, तुमच्याहून अधिक ते कोणाच्या कामाचे? कांद्याचा भाव एकाएकी का पडतो, व्याज मुद्दलाला कसे गिळते, बापाचे चार एकर चार भावांत वाटले की एकाचेही पोट का भरत नाही, हे सारे अर्थशास्त्रच होय.

या शेवटल्या प्रश्नावर बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, जमिनीवरील जादा माणसांचा भार उद्योगधंद्यांनी उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना सेलिग्मन हे गुरू लाभले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन लाभले. १९२३ साली निघालेल्या रुपयाविषयीच्या त्यांच्या ग्रंथास कॅननसाहेबांनी प्रस्तावना दिली आणि तीतच आपला मतभेदही नोंदविला. शिष्याचे म्हणणे सर्वस्वी न पटताही जो त्याचा मान राखतो, तो खरा गुरू. कॉलेज निवडणे म्हणजे असा गुरू शोधणे. इमारतीचा रंग पाहणे नव्हे.

आता नावांचा घोळ निस्तरू. १९४९ साली निघालेले दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि १९८७ साली रिझर्व्ह बँकेने मुंबईत स्थापिलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांची कीर्ती मोठी. पण अर्थशास्त्रासाठी तेथे जायचे ते पदवीनंतर. बारावी होताच दिल्ली विद्यापीठात जायचे, तर त्याच्या एखाद्या कॉलेजात ऑनर्सला प्रवेश घ्यावा लागतो, आणि २०२२ पासून तो सामाईक परीक्षेवर मिळतो. पुण्याची गोखले संस्था १९३० ची. तेथे पदवी आणि पुढचे शिक्षण दोन्ही आहे. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची तिने केलेली पाहणी १९४० साली प्रसिद्ध झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारण्यास उभे राहिले. विद्या बांधावर उतरते ती अशी.

एक गोष्ट गाठीस बांधा. दहावीनंतर मूल कला शाखेस गेले की गणितास रामराम ठोकते. गणित टाकले की अर्थशास्त्राचे निम्मे दरवाजे बंद झाले म्हणून समजा. दिल्लीच्या ऑनर्सला गणित लागतेच. सबब अकरावीचा अर्ज भरतानाच गणित धरून ठेवा. गुऱ्हाळाचा हिशेब तोंडी करणाऱ्याच्या लेकराने गणितास भ्यावे, हे आम्हांस पटत नाही.

कॉलेज पाहावयास जाल तेव्हा चार प्रश्न विचारा. येथे संख्याशास्त्र शिकवितात की नुसत्या टिपणांची घोकंपट्टी होते? कायम नेमणुकीचे शिक्षक किती? मुलांस गावात, बाजारात नेऊन पाहणी करावयास लावतात काय? मागच्या तीन वर्षांची मुले पुढे कोठे गेली? उत्तर गुळमुळीत आले, तर नाव कितीही मोठे असो, दुसरे दार ठोठवा.

खर्चाचा हिशेबही आधी करा. फीबरोबर खोलीभाडे, जेवण आणि प्रवास मांडा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली ती यासाठीच. शाळा दाराशी असूनही राहण्याजेवणाची सोय नाही म्हणून खेड्यातील मूल मागे फिरत होते. तेव्हा आधी वसतिगृह विचारा, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा, आणि जमीन गहाण टाकण्याआधी जवळचे चांगले सरकारी कॉलेज पाहा. पदवी तेथे घेऊन पुढचे शिक्षण मोठ्या संस्थेत घेता येते.

आणि मुलीस मागे ठेवू नका. घरातील मीठमिरचीचा हिशेब जिने सांभाळला, तिला देशाचा हिशेब जड जाणार नाही. आपल्या घामाचा भाव दुसऱ्यांनी ठरवावा आणि आपण नुसती मान हलवावी, हे किती दिवस चालावयाचे? तो हिशेब वाचणारे एक तरी माणूस आपल्या घरात तयार करा, एवढेच आमचे मागणे आहे.