पिशवीच्या ऑपरेशननंतरचं जेवण

आज बोलायचंय ते पिशवी काढल्यानंतरच्या खाण्याबद्दल. गटाच्या बैठकीत हा प्रश्न नेहमी येतो, पण कुणी मोठ्यानं विचारत नाही. बैठक उठली, चपला घालायला लागलो, की एखादी हळूच जवळ येते आणि विचारते, "ताई, ऑपरेशन झालंय, भात चालतो का? वांगं खाऊ का?" काय खाऊ, असं फार कमी जणी विचारतात. काय सोडू, हेच विचारतात. आपल्याकडं पथ्य म्हणजे सोडणं. भात सोडला, आंबट सोडलं, अंडं सोडलं, डाळ वातूळ म्हणून तीही सोडली. मग ताटात उरतं काय? चहा आणि बटर. नाहीतर साबुदाण्याची खीर.

आता जरा विचार करा. ही बाई ऑपरेशनच्या टेबलावर गेली तीच मुळात रिकाम्या अंगानं. वर्ष-दोन वर्षं अंगावरून जातंय, महिन्यातले दहा-दहा दिवस कापड सुटत नाही, जिना चढताना धाप लागते. रक्त तपासलं तर 8, नाहीतर 9. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर पाहिजे. त्यात ऑपरेशनमध्ये आणखी थोडं रक्त गेलं. बाहेरचे टाके दिसतात तरी, पण आत जिथून पिशवी सोडवली तिथंही जखम असते. ती भरायला अंगाला सामान लागतं. घराची भिंत लिंपायची म्हटली तर माती, पाणी, शेण आणतोच ना आपण. आणि इथं आपण म्हणतो, बाई, तू काही खाऊ नकोस, टाके पिकतील.

टाके भातानं पिकत नाहीत. वांग्यानं, ताकानं, अंड्यानंही पिकत नाहीत. टाके पिकतात ते जंतूंनी. ओलं कापड, मळके हात, आणि साखर असलेल्या बाईची साखर वाढलेली, ही त्याची कारणं. एखादा पदार्थ तुम्हाला पहिल्यापासूनच सोसत नसेल, खाल्ला की अंगाला खाज येत असेल, तर तो सोडा, तेवढंच. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या, साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या आजारासाठी वेगळं सांगितलं असेल तर ते आधी ऐकायचं. बाकी शेजारणीचं पथ्य शेजारणीकडं.

पहिल्या दिवशी तोंडानं कधी घ्यायचं हे दवाखान्यातच ठरतं. भूल कोणती दिली, ऑपरेशन पोट उघडून झालं, खालून झालं की दुर्बिणीनं, यावर ते अवलंबून. त्यांनी हो म्हटलं की घोट घोट पाणी, मग पेज, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, पातळ ताक. आतडी थोडी झोपलेली असतात, ती हळूहळू जागी होतात. पोटात वारा धरतो. दुर्बिणीनं झालेलं असेल तर खांदासुद्धा दुखतो. बाया घाबरतात, की ऑपरेशन पोटाचं आणि खांदा कसा दुखतो. पोटात भरलेल्या वायूमुळं तसं होतं, एक-दोन दिवसांत जातं. त्यावर औषध म्हणजे खोलीतल्या खोलीत चालणं. पहिले पाच-सहा दिवस मटकी, हरभरा, वाटाणा, कोबी एवढं बाजूला ठेवा. ते विष नाही, फक्त वारा धरतं, आणि ताज्या टाक्यांवर फुगलेलं पोट सोसत नाही.

पेजेवर मात्र आठवडा काढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट मऊ असेल, वारा सरत असेल, उलटी नसेल, तर मुगाची मऊ खिचडी, वर चमचाभर तूप, भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, असं सुरू होतं. आठ-दहा दिवसांत घरचं रोजचं जेवण.

त्या जेवणात पहिली गोष्ट डाळ, अंडं, दूध, शेंगदाणे. जखम भरून येते ती यांच्यातल्या प्रथिनांनी. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मूठभर शेंगदाण्यात जवळपास तेवढीच. अंडं खात नसाल तर दोन्ही वेळा घट्ट वरण घ्या. घट्ट म्हणतेय मी. वरचं पाणी आजारी माणसाला आणि खालची डाळ बाकीच्यांना, ही आपली जुनी रीत उलटी करायची. हुलग्याचं माडगं करा, पिठलं करा, कालवणात दाण्याचा कूट घाला. मासे-मटण खात असाल तर तेही चालतं, तर्री कमी ठेवा. तिखटानं टाक्यांना काही होत नाही, पण दुखण्याच्या गोळ्या चालू असतात, त्यात ठेचा खाल्ला की छातीत आग पडते. त्या गोळ्या कधीच उपाशीपोटी घेऊ नका, भाकरीचे चार घास आधी खा.

भेटायला येणारे बिस्किटाचे पुडे आणतात. माया असते त्यात, नाही म्हणवत नाही. पण मी तर सांगते, गटातल्या बायांनी ठरवूनच घ्यावं, की कुणाचं ऑपरेशन झालं तर जाताना सहा अंडी न्यायची, नाहीतर पेरू, नाहीतर पावशेर शेंगदाणे. पैसा तेवढाच लागतो.

आता परसाकडचं बोलू, कारण खरा त्रास तिथं आहे. ऑपरेशननंतर जवळजवळ प्रत्येकीला खडा होतो. भुलीनं होतो, दुखण्याच्या काही गोळ्यांनी होतो, पडून राहिल्यानं होतो आणि लोहाच्या गोळीनं तर होतोच. मग बाई कुंथते, आणि कुंथलं की सगळा जोर आतल्या टाक्यांवर येतो. जड हंडा उचलू नको हे सगळे सांगतात, पण कुंथू नको हे कुणी सांगत नाही. शौच मऊ राहिलं पाहिजे. त्यासाठी सगळ्यात आधी पाणी. आपण बाया पाणी कमी पितो, कारण पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं, आणि बाहेर आडोसा नसतो. ही सवय वर्षानुवर्षांची आहे. निदान या दीड महिन्यात ती मोडा. दिवसाला आठ-दहा पेले पाणी पोटात गेलं पाहिजे. लघवी पिवळीजर्द होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. लघवीची नळी लावलेली असते, त्यामुळं नंतर जळजळ होण्याची भीती असते, तिथंही पाणीच उपयोगी पडतं.

त्यासोबत पालेभाजी, दुधी, दोडका, पपई, पेरू, केळं. पपई उष्ण म्हणून भिऊ नका, ती पिकलेली खुशाल खा. रात्री चार-पाच मनुका भिजत घाला आणि सकाळी पाण्यासकट खा. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून रात्री पेलाभर पाण्यात इसबगोल घ्या, वर आणखी पाणी प्या. कमी पाण्यात घेतलं तर तेच अडकून बसतं. एरंडेल मनानं घेऊ नका, त्यानं पोटात कळा येतात. साबणाच्या पाण्याचा एनिमाही घरी कुणाला देऊ देऊ नका.

मिसरीचं काढलं तर बाया तोंड फिरवतात, तरी काढते. पुष्कळ जणी मिसरी लावतात ती सकाळी पोट साफ व्हावं म्हणून. लावल्याशिवाय होतच नाही म्हणतात. पण मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात, जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही आणि टाके भरायला उशीर लागतो. दवाखान्यातले चार दिवस ती सुटलेलीच असते. घरी आल्यावर परत डबी उघडायच्या आधी दोन पेले कोमट पाणी पिऊन अंगणात चार फेऱ्या मारून बघा. दोन-चार दिवस जड जाईल.

रक्ताचं राहिलं. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या पुऱ्या करा. शौच काळं होतं, त्याला घाबरून गोळी बंद करणाऱ्या खूप आहेत. ते त्या गोळीनंच होतं. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत घेऊ नका. चहा आणि लोह यांचं जमत नाही. चहा गोळीच्या किंवा जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी दिली असेल तर ती वेगळ्या वेळेला, एक सकाळी तर एक रात्री. खाण्यात अळीव, बाजरी, शेवग्याचा पाला, मेथी घ्या, आणि भाजी लोखंडी कढईत करा. वर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबू, पेरू, आवळा या आंबटानंच भाजीतलं लोह अंगी लागतं, आणि आपण नेमकं आंबटच बंद करतो. अळिवाचे, डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतो तसे हिलाही द्या, रोज एक, तीन नकोत. काम बंद आहे, साखर-तूप अंगावर चढतं. पिशवी काढली म्हणून बाई जाड होते असं म्हणतात, पण बहुतेक वेळा ती बसून गोड खाल्ल्यानं होते.

उपास दीड महिना बंद. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे. घरातल्या मोठ्या बायांना माझी विनंती आहे, हे तुम्हीच सांगा तिला. सून स्वतःच्या तोंडानं "मी उपास करत नाही" म्हणत नाही. तसंच सगळ्यात शेवटी जेवायला बसायची रीतही या दिवसांत नको. शेवटी बसणारीच्या वाट्याला डाळीचं पाणी आणि करपलेली भाकरी येते, हे आपण सगळ्या जाणतो.

आता एक गोष्ट, जी जेवणाच्याही आधी विचारायची. दवाखान्यातून सुटताना कागद मिळतो, तो जपून ठेवा आणि विचारा, की फक्त पिशवी काढली की दोन्ही बाजूची अंडाशयंही काढली? पुष्कळ बायांना हे माहीतच नसतं. बीड जिल्ह्यात 2019 साली ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागं एक. त्यात कितीतरी तरुण होत्या. अंडाशयं गेली की पाळी जाण्याचं वय एकदम अंगावर येतं, मग बाई तिशीतली का असेना. अंगाची लाही होते, झोप उडते, आणि हळूहळू हाडं ठिसूळ व्हायला लागतात. हाडांचं लगेच कळत नाही. दहा वर्षांनी बांधावरून घसरल्यावर मनगट मोडतं तेव्हा कळतं.

अशा बाईला कॅल्शियम आयुष्यभर सांभाळावं लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ज्वारी, बाजरी, गहू तिच्या जवळपासही येत नाहीत. आपल्या भागात नाचणी पिकत नाही, पण दुकानात मिळते. बाजरीच्या पिठात चौथा हिस्सा मिसळली तर भाकरी छान होते. तिळाची चटणी, दूध-दही-ताक, शेवग्याचा पाला, काट्यासकट खायचे बारीक मासे हे रोज आलटून पालटून घ्या. अंगावर ऊन घ्या. आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, की मला हार्मोनच्या गोळ्या लागतील का, हाडांसाठी काय घेऊ. विचारण्यात लाजायचं काही नाही. अंगाची लाही होत असेल तर चहा आणि तिखट कमी करून बघा, काही जणींना त्यानं बरं वाटतं.

दसरा झाला की टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मोळी डोक्यावर घेणं दीड महिन्याच्या आत होता कामा नये, डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय तर नाहीच. पाण्याची भरलेली कळशीसुद्धा नको. ऑपरेशन तातडीचं नसेल तर तारीख धरतानाच पुढचे दोन महिने मोकळे बघून धरा. आणि ऑपरेशन ठरायच्या आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना एकदा कागद दाखवा. पांढरं जातंय किंवा कंबर दुखते एवढ्यासाठी पिशवी काढायची नसते. फडावर गेल्यावर चूल उघड्यावर, पहाटे चारला भाकरी थापायची, दिवसभर त्याच भाकरीवर. तिथं निदान एवढं सोबत न्या: दाण्याचा कूट, तिळाची आणि जवसाची चटणी, मुगाची डाळ, गूळ, लिंबं आणि पाण्याची स्वतःची वेगळी बाटली.

शेवटी, खाण्यानं बरं होणार नाही अशी लक्षणं सांगते, ती पाठ करा. थंडी वाजून ताप, टाक्यातून पू किंवा घाण वास, अंगावरून एका तासात पूर्ण कापड भिजेल असं रक्त, पोट फुगून वारा न सरणं आणि उलट्या होत राहणं, लघवी न होणं किंवा लघवी सतत गळत राहणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखून धाप लागणं. यातलं काहीही झालं तर काढा, लेप, अंगारा करत बसू नका. 108 ला फोन लावा, गाडी फुकट येते, आणि जाताना दवाखान्याचा तो कागद बरोबर घ्या.