शेवाळाची ओळख आणि त्याचे मोल



लोणी देवकरला समुद्र नाही, तरी समुद्राचे शेवाळ येथवर पोहोचले आहे. ऊस, द्राक्षे, डाळिंबे यांवर फवारावयाचा जो काळपट अर्क बाटलीतून विकत मिळतो, तो त्याचाच. पण कोणत्या शेवाळाचा, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. उजनीच्या पाण्यावर येणारा हिरवा तवंगही आपल्या लेखी शेवाळ आणि समुद्रातील हातभर वनस्पतीही शेवाळच. घोटाळा येथूनच सुरू होतो.

मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला उतरलो म्हणजे आम्ही आधी रंग पाहतो. हिरवी, तपकिरी, तांबडी असे तीन गट. उल्वा हिरवी, पातळ पापुद्र्यासारखी. सार्गासम तपकिरी, तिच्या फांद्यांवर मिऱ्याएवढ्या हवेच्या पिशव्या असतात, त्यांच्या बळावर ती पाण्यात उभी राहते. ग्रॅसिलेरिया तांबडी, सुतळीसारखी. मात्र रंगावर फार विसंबू नये. किनाऱ्यावर उन्हात पडलेली तांबडी जात पिवळट, पुढे पांढरीही होते आणि नवखा फसतो.

ग्रॅसिलेरिया पाण्यात पुष्कळ वेळ उकळून गाळली, की निवताना ते पाणी थिजते. हाच अगर, आपल्या घरातला चायना ग्रास. (त्यात गवत औषधालाही नाही!) थिजलेला अगर सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. १८८२ च्या सुमारास कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्याचे जिलेटिन उष्णतेने वितळे. तेव्हा फॅनी हेस या गृहिणीने स्वयंपाकातला अगर सुचविला. आजही जंतुपरीक्षेच्या बशीत तोच असतो. सार्गासममधून मात्र अगर निघत नाही. धुण्याच्या सोड्याने तिच्यातून अल्जिनेट काढतात. ते कापडछपाईचा रंग दाट करते आणि दंतवैद्याला जबड्याचा ठसा घेऊन देते.

आता आपली बाटली. कप्पाफायकस नावाची तांबडी जात ओली असतानाच चिरडून रस काढायचा, तो पिकाला, आणि चोथ्यातून कॅराजिनन हा दाटपणा आणणारा पदार्थ, ही रीत भावनगरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने बसविली. मूळ फिलिपीन्सकडची ही जात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लावली गेली आणि मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ प्रवाळावरही पसरली. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे, तेव्हा लागवडीची घाई करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रसात पालाश व वाढीची द्रव्ये असतात, नत्र अगदी थोडे. म्हणून युरियाच्या जागी तो चालणार नाही. २०२१ मध्ये असे अर्क खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आले. दुकानदाराला दर विचारण्याआधी बाटलीवरचे शेवाळाचे नाव वाचून दाखवायला सांगा.