पंगत, हॉटेल आणि आपले स्वयंपाकघर



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, अर्थकारण, इतिहास असे भारदस्त विषय यावयाचे. तेथे जेवणाचा विषय घेऊन उभे राहताना थोडा संकोच वाटतो. त्यातून वेळ अशी की, निम्मे श्रोते जेवून आलेले आणि निम्म्यांचे जेवण व्हावयाचे. पहिल्यांना झोप येण्याचा संभव, दुसऱ्यांना भूक लागण्याचा. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. आपण कोणाच्या हातचे खातो आणि कोणाच्या शेजारी बसून खातो, यावरून आपल्या देशात फार मोठी भांडणे झाली आहेत, आणि ती पुरती मिटली आहेत असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमचे बाहेर जेवणे बरेच झाले. एका उडुपी हॉटेलात डोसा, एका पंजाबी उपाहारगृहात तंदुरी रोटी आणि पनीर, एका चिनी पाटीच्या दुकानात मांचुरियन, एका मालवणी खानावळीत सुरमई आणि सोलकढी. घरी अर्थात भाकरी, पिठले, आमटी-भात हा क्रम चालूच होता. मध्ये एक एकादशीही येऊन गेली. या सगळ्यांत परके कोणते आणि आपले कोणते, असा प्रश्न एका मित्राने टाकला. उत्तर सोपे वाटले; पण विचार करू लागलो तेव्हा एकादशीच्या ताटापाशीच अडलो.

साबुदाण्याची खिचडी घ्या. हल्लीचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवे पोर्तुगीजांच्या हाती गेले. हे जिन्नस आपल्याकडे आले ते त्यानंतर. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये भावार्थदीपिका पुरी केली, तेव्हा महाराष्ट्रात मिरची नव्हती; तिखटपणासाठी मिरे होते, आले होते. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडून आलेले. म्हणजे उपवासाच्या सर्वांत सोवळ्या बशीत तूप तेवढे खात्रीने आपले! तेव्हा परक्या पदार्थांनी आपले स्वयंपाकघर बाटते, असे कोणी म्हणाले तर त्याला एकादशीला जेवावयास बोलवावे.

पदार्थ असे चटकन घरचे झाले. माणसांना मात्र फार वेळ लागला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. पुढे नावे छापून प्रसिद्ध झाली, बहिष्काराची भाषा सुरू झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवर येऊन ठेपले. वसंत व्याख्यानमालेची प्रथा ज्यांनी १८७५ मध्ये पाडली त्या रानड्यांनाही एक पेला चहा इतका महाग पडला. आणि हे झाले उच्चवर्णीयांचे. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांना पेला दूरच राहिला. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला.

अशा समाजात हॉटेल आले. त्याचा उपकार आपण अजून नीट मोजलेला नाही. इराणातून आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी मुंबईत आणि पुण्यात चहाची दुकाने काढली. मुंबईतले ‘कयानी’ १९०४ चे, ‘ब्रिटानिया’ १९२३ चे. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, बनमस्का आणि चहा. शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची सोय नाही आणि रीतही नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. राजाने तोंडाने केलेल्या उपदेशापेक्षा त्या एका पेल्याचे वजन अधिक होते, असे आम्हांस वाटते.

सगळीच हॉटेले अशी उदार नव्हती. निराळा पेला, निराळा बाक अनेक ठिकाणी होता. म्हणून तर आपल्या राज्यघटनेला पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांचा उल्लेख करावा लागला, आणि १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. देशाची घटना लिहिताना चहाच्या दुकानाचा विचार करावा लागतो, यावरून ते दुकान किती महत्त्वाचे आहे ते ओळखावे.

आता हॉटेलची दुसरी बाजू पाहू. हॉटेल एखाद्या प्रांताचे जेवण आपल्यापुढे ठेवते असे आपण समजतो. वस्तुतः त्या जेवणातला जो भाग हॉटेलला सोयीचा, तेवढाच ते ठेवते. डोशाचे पीठ आदल्या रात्री आंबवून ठेवले की गिऱ्हाईक आल्यावर तव्यावर तीन-चार मिनिटांचे काम. तंदूर एकदा पेटला की शंभर माणसांच्या रोट्या निघतात. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या मंडळींनी दिल्लीच्या दर्यागंजात ‘मोती महाल’ काढले आणि तंदुरी कोंबडी देशभर पोहोचली. पुढे ठिकठिकाणच्या हॉटेलांनी युक्ती काढली: सकाळीच कांदा-टोमॅटोची लाल आणि काजूची पांढरी ग्रेव्ही शिजवून ठेवावयाची, आणि मागणी येईल तसे त्यात पनीर, वाटाणा किंवा कोंबडी घालावयाची. यादीत नावे चाळीस, चव मात्र दोन. पंजाबी घरात रोज शिजणारा राजमा, कढी, सरसोंका साग यांची त्या यादीत फारशी गाठ पडत नाही. मांचुरियनची गोष्ट तर आणखी मौजेची. कलकत्त्यात वसलेल्या हक्का चिनी मंडळींनी आपल्या स्वयंपाकाला हिंदी मसाल्यांची जोड दिली. त्यांच्यापैकीच नेल्सन वाँग यांनी मुंबईत १९७५ मध्ये हा पदार्थ प्रथम केला असे सांगतात. मांचुरियात तो कोणी ओळखणार नाही. आपल्या लग्नाच्या पंगतीत मात्र तो मानाने बसतो.

यात वाईट काही नाही. वाईट आहे ते इतकेच की, हॉटेलला न परवडणारे पदार्थ हळूहळू नाहीसे होतात. वालाचे बिरडे करावयाचे तर वाल भिजवा, मोड आणा, एकेक दाणा सोला. दोन दिवसांचे काम. ते घरच करू जाणे. शिवाय घरोघरची चव निराळी. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचे सावजी जेवण निदान खानावळींमुळे नावारूपास आले. पण मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत काय शिजत होते, हे पुस्तकात यावयास शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये निघावे लागले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि घरोघर गेली, हे योग्यच झाले. या दोन पुस्तकांत पंचेचाळीस वर्षांचे अंतर का पडले, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

आणि घर म्हणजे तरी कोण? घरच्या चवीचे गोडवे गाणारे बहुधा जेवणारे असतात, रांधणारे नव्हेत. केंद्र शासनाच्या २०१९ च्या पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात, पुरुष ९७. त्यातही असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१ आणि पुरुष अवघे २६. पाच तासांचे हे काम मोलावाचून होते. त्याचे मोल पडू शकते, हे मुंबईच्या गिरणगावाने दाखवून दिले. गाव सोडून आलेल्या कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या बाया सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांचे ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले आणि त्यांना बँकांचे दार उघडून दिले. काम तेच, चूल तीच. पण बाई कर्जदार होती ती व्यवसायिक झाली.

तेव्हा हॉटेल की घर, हा वाद आम्हांला निरर्थक वाटतो. हॉटेलाने अनोळखी माणसाशेजारी बसावयास शिकवले. ती शिकवण घरी आणावी. आपल्या घरच्या पंगतीला गेल्या वर्षभरात दुसऱ्या जातीचे, दुसऱ्या धर्माचे किती जण जेवले, आणि त्यांच्या घरी आपण किती वेळा जेवलो, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे. आजीला, आईला, काकूला जे हाताने येते ते तिच्या शेजारी उभे राहून शिकावे. मुलींनी शिकावे तसे मुलांनीही. नुसते वहीत उतरून घेतल्याने बिरडे सोलले जात नाही.

आमचे बोलणे येथे पुरे करतो. जेवावयाचे राहिलेल्या श्रोत्यांना अधिक ताटकळत ठेवणे बरे नव्हे. घरी गेल्यावर ताट वाढलेले असेल, तर ते कोणी वाढले याची आठवण ठेवावी. आणि नंतर ते उचलून घासावयास आपणच घ्यावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.