ताटातली भीती



मुलामुलींच्या बक्षिसांच्या दिवशी स्तनाच्या कॅन्सरवर बोलावं का, याचा मी खूप विचार केला. पण गेल्या वर्षी ओपीडीत आलेल्या एक बाई डोळ्यांपुढून हलत नाहीत. वय बावन्न. केसपेपरच्या आधी त्यांनी वहीचं एक पान पुढे ठेवलं. घड्या घालून घालून ते मऊ पडलं होतं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: सोयाबीनच्या वड्या, दूध, साखर, फ्रिजमधली कणीक. "डॉक्टर, यातलं नेमकं कशानं झालं?"

गाठ हाताला लागून आठ महिने झाले होते. तेवढे महिने त्या मोबाइलवर आलेलं एकेक पथ्य पाळत होत्या. दाखवायला मात्र आल्या नव्हत्या.

त्यांच्या यादीतल्या सोयाबीनबद्दल सांगते. सोया नेहमी खाणाऱ्या आशियाई बायकांवर मोठे अभ्यास झालेत. त्यांत धोका वाढलेला दिसला नाही, उलट थोडा कमीच दिसला. दुधानं हा कॅन्सर होतो असंही सिद्ध झालेलं नाही. आणि हळदीच्या दुधानं गाठ विरघळत नाही, हे मी अगदी हात जोडून सांगते.

जिच्याबद्दलचा पुरावा पक्का आहे, ती दारू त्या यादीत नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1988 सालीच तिला कॅन्सरकारक ठरवलं. शरीरात दारूचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. शिवाय इस्ट्रोजेन हे संप्रेरकही वाढतं, त्यानंही धोका वाढतो. रोजच्या एका पेल्यानं स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण 7 ते 10 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरातल्या दहा जणींना होतो असं नव्हे. जिचा जो मूळ धोका असेल, त्यात त्याच्याच 7 ते 10 टक्क्यांची भर पडते. "वाइन म्हणजे द्राक्षाचा रसच की," असं नाशिककडच्या मुली मला सांगतात. बाळांनो, वाइनमधलं अल्कोहोल तेच असतं.

दुसरी गोष्ट वजनाची. पाळी थांबल्यावर अंडाशयातलं इस्ट्रोजेन आटतं, पण चरबीत ते तयार होत राहतं. म्हणून त्या वयात वाढलेलं वजन धोका वाढवतं. आता घरात बघा. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात भात उरतो, एखादी पोळी उरते. टाकवत नाही म्हणून आई ते खाते. तिच्या वजनावरून तिला बोलण्याआधी तिच्यासोबत जेवायला बसा आणि तो भात वाटून घ्या. मुलांनो, हे तुम्हालाही सांगतेय.

आणि एवढं सांभाळूनही हा आजार होतो. कधीच दारू न प्यालेल्या, सडपातळ बायकाही माझ्याकडे येतात. त्यांनी काही चुकीचं खाल्लेलं नसतं.

त्या बाईंचं ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "सोयाबीनचा रस्सा चालेल?" म्हटलं, खुशाल करा. धाकटी बहीण सोबत होती. तुम्हीही तपासून घ्या म्हटल्यावर ती म्हणाली, "घरी पाहुणे आहेत, पुढच्या वेळी बघू." बाईंनीच तिचा हात धरला आणि तिला आत आणलं.