चार दारांची शेव्हरोले

श्रोते हो, जुन्या वस्तूला भाव येतो हे आपण सारेच जाणतो. पण कोणत्या जुन्या वस्तूला? जी जास्त उपयोगी पडली तिला, की जी कमी मिळते तिला? आज एका अमेरिकन मोटारीची हकीकत सांगतो, म्हणजे याचं उत्तर आपोआप मिळेल. ही मोटार म्हणजे १९५५, ५६ आणि ५७ या तीन सालांची शेव्हरोले.

हे नाव मुंबईला नवं नव्हतं. जनरल मोटर्स कंपनीनं १९२८ साली शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता, आणि शेव्हरोले मोटारी तिथूनच रस्त्यावर येत. १९५४ साली हा कारखाना बंद झाला. आणि योगायोग असा की, त्याच वर्षाच्या अखेरीअखेरीस तिकडे अमेरिकेत ५५ सालची नवी शेव्हरोले बाहेर पडली.

तोवर शेव्हरोलेची कीर्ती म्हणजे गरीब स्वभावाच्या बैलासारखी. भरवशाची, स्वस्त, पण चालीत ऐट नाही. इंजिन सहा सिलिंडरांचं. मुख्य इंजिनियर एड कोल यांनी ठरवलं की आता या गाडीत जीव घालायचा. त्यांच्या हाताखाली आठ सिलिंडरांचं, २६५ घन इंचांचं एक नवं इंजिन तयार झालं. आठ सिलिंडर म्हटलं की जडजूड धूड, ही समजूत त्यानं खोटी पाडली. ते आटोपशीर होतं, हलकं होतं आणि बनवायला स्वस्त होतं. या घराण्याची इंजिनं इतकी चालली की २०११ साली त्यांची संख्या दहा कोटींवर गेली!

१९५७च्या गाडीला मागं माशाच्या परांसारखे दोन उंच पंख आले. पेट्रोल भरायचं तोंड डाव्या पंखाच्या चकचकीत पट्टीमागं लपवलेलं. माहीत नसलेला माणूस पंपावर गाडीभोवती प्रदक्षिणाच घालील! पण गंमत ऐका. आज जिच्या नावानं शौकीन मंडळी उसासे टाकतात, ती ५७ सालची शेव्हरोले त्या मोसमात फोर्डच्या मागं पडली होती.

आता मुद्द्याकडे येऊ. बेल एअर ही त्यातली वरच्या दर्जाची गाडी. तिच्यातही अनेक तऱ्हा होत्या. चार दारांची साधी सेडान सुमारे २,३०० डॉलरला मिळे. ५७ सालची अशी अडीच लाखांवर गाड्या निघाल्या. कापडी टपाची, उघडी करता येणारी गाडी सुमारे अडीच हजारांची; ती अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास निघाली. आणि नोमॅड नावाची दोन दारांची ऐटबाज स्टेशन वॅगन साडेसत्ताविसशेच्या घरातली. ती जेमतेम सहा हजार.

यांतली कुटुंबाची गाडी कोणती, हे सांगायला नकोच. पुढच्या लांब बाकावर तिघं, मागं तिघं, डिकीत सामान. मुलांना शाळेत, आजीला दवाखान्यात, रविवारी सगळ्यांना चर्चला, ही सारी कामं चार दारांनी केली. काम करणारी वस्तू झिजते. तीही झिजली, गंजली आणि भंगारात गेली.

पुढं साठीच्या दशकात या गाड्या वापरलेल्या म्हणून स्वस्तात मिळू लागल्या. तरुण पोरांनी त्या घेतल्या, इंजिनं खोलली, शर्यती लावल्या. त्यांना हवी होती दोन दारांची; चार दारांची म्हणजे वडिलांची गाडी! हीच पोरं पुढं पैसेवाली झाली आणि तरुणपणीची हौस पुरवू लागली. म्हणून आज कापडी टपाच्या गाडीला किंवा नोमॅडला चार दारांच्या सेडानच्या कितीतरी पट किंमत येते. इंजिन मूळचंच आहे का, क्रोमच्या पट्ट्या शाबूत आहेत का, खालचा पत्रा गंजला आहे का, हे सारं पाहिलं जातं. पण सगळ्यांत आधी मोजली जातात ती दारं.

याचा एक दुःखद परिणाम झाला. धडधाकट चार दारांच्या गाड्या सोलून त्यांचे भाग दोन दारांच्या गाड्यांना लावण्यात आले. थोरल्या भावाचे कपडे उतरवून धाकट्याला नटवावं, तसला हा प्रकार! आता तर या गाड्यांचा अख्खा सांगाडा नव्या पोलादाचा बनवून मिळतो. मग जुनं म्हणायचं तरी कशाला?

याउलट क्यूबात पाहा. १९६०नंतर अमेरिकेनं व्यापार तोडला, नव्या गाड्या येईनाशा झाल्या. तेव्हा हवानाच्या मेकॅनिकांनी जे हाती लागेल ते बसवून, प्रसंगी डिझेलचं इंजिन घालून, या गाड्या टॅक्सी म्हणून चालत्या ठेवल्या. तिथं चार दारं हा दोष नाही. उतारूंची सोयच ती!

तेव्हा श्रोते हो, तुमचा कोणी मुलगा-भाचा अमेरिकेत असेल आणि अशी गाडी घ्यायचं त्याच्या मनात असेल, तर त्याला एवढं सांगा. नफ्यासाठी घेणार असशील तर दोन दारांची घे, आणि ती खरी की जुळवलेली हे जाणत्याकडून तपासून घे. पण घरच्यांना बसवून हिंडायचं असेल, तर कमी पैशांत चांगली चार दारांची मिळेल, ती घे. हळू मात्र चालव. कारण २००९ साली ५९ सालची एक बेल एअर नव्या शेव्हरोलेवर मुद्दाम आदळवून पाहिली, तेव्हा जुन्या गाडीतल्या चालकाच्या पुतळ्याची पार दुर्दशा झाली. तो दणकट पत्रा दिसायलाच दणकट.

आणि एक गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घ्या. दुसऱ्या गाडीसाठी तिची दारं कोणी मागायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवायचं.